कुशन बदललं आणि हेडफोनचा आवाजच बदलला: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

जुन्या कुशनचं रेक्झिन सुटायला लागतं, कानावर आणि कॉलरवर काळे पापुद्रे दिसू लागतात, म्हणून नवी जोडी मागवली जाते. ती बसवली की तक्रारी ठरलेल्या. बेस गेला. ‘स’ टोचतोय. उजव्या कानात कमी येतंय. नॉइज कॅन्सलिंग पूर्वीसारखं राहिलं नाही. मग ईक्वलायझर उघडून बेसची पट्टी वर ढकलली जाते आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

हेडफोनचा आवाज घडवण्यात कुशनचा वाटा किती मोठा आहे, ते आधी पाहू. ड्रायव्हर (म्हणजे आतला छोटा स्पीकर), कुशनची आतली भिंत आणि तुमचं डोकं यांच्यामध्ये हवेची एक छोटी कोठडी तयार होते. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. त्या मानाने ही कोठडी इतकी लहान, की तिच्यातली हवा सगळी एकदमच दाबली जाते आणि सैल होते. हा दाब टिकला तर बेस ऐकू येतो, कुठे फट राहिली तर दाब तिथून निसटतो आणि बेस जातो. वरच्या स्वरांचं गणित निराळं आहे. कुशनचं भोक ६० मिमी उंच असेल तर त्यात साधारण २,९०० हर्ट्झची अर्धी लाट मावते. तिथून वरच्या लाटा भिंतींवर आपटून परततात, कुठे एकमेकींत मिसळून फुगतात, कुठे एकमेकींना मारतात. भिंत रेक्झिनची की कापडाची, ड्रायव्हर कानापासून १५ मिमीवर की २५ मिमीवर, यावर ही शिखरं आणि खड्डे ठरतात.

म्हणून तपासायच्या गोष्टी तीन: हवा कुठून गळते, कान ड्रायव्हरपासून किती लांब आहे, आणि आतली भिंत कशाची आहे. बेसची तक्रार जवळपास नेहमी पहिलीशी जोडलेली असते, ट्रेबलची, म्हणजे वरच्या स्वरांची, उरलेल्या दोघींशी.

पहिली पंधरा मिनिटं

जुनं कुशन फेकू नका. कितीही फाटलेलं असलं तरी तुलनेसाठी दुसरं काही हाताशी नसतं. एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला नवं बसवा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत हा पर्याय आहे. आता दोन्ही कानांत एकच सिग्नल जातोय, म्हणजे जो फरक ऐकू येईल तो कुशनचा. खात्रीसाठी कुशनांची अदलाबदल करून पुन्हा ऐका. फरक कुशनबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर कुशनच कारण आहे. फरक त्याच कानात राहिला तर ड्रायव्हर, केबल किंवा तुमचा कान तपासायला हवा.

मग टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि ४० हर्ट्झचा टोन बेताच्या आवाजात लावा. दोन्ही कप तळव्यांनी हलकेच डोक्याकडे दाबा. टोन एकदम फुगून वर आला तर हवा गळतेय. काहीच फरक पडला नाही तर गळती नाही. ‘बेस कमी वाटतो’ याचं कारण दुसरं आहे, बहुधा मधले किंवा वरचे स्वर वाढलेत. फार जोरात दाबू नका. दाबाने फोम चेपून कान ड्रायव्हरजवळ जातो आणि चाचणी फसवी होते. ४० हर्ट्झ मुळातच कानाला मंद ऐकू येतो, तो क्षीण आला म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते एवढंच, की दाबल्यावर तो वाढतो का.

संगीतावर तपासायचं तर ओळखीचं ध्वनिमुद्रण घ्या. डग्ग्यावरची मींड खालच्या स्वरांसाठी फार चांगली कसोटी आहे: मनगट सरकताना स्वर सलग वर चढला पाहिजे, मध्येच पोकळ होता कामा नये. तानपुऱ्याची जवारी वरच्या स्वरांबद्दल सांगते. ती कागद खरखरल्यासारखी कोरडी झाली असेल तर शिखर कुठेतरी ट्रेबलमध्ये आहे. आणि गाण्यातले ‘स’, ‘श’ आहेतच.

तुलना करताना आवाजाची पातळी एक करून घ्या. नव्या कुशनमुळे एकूण आवाज थोडा जरी मोठा झाला तरी तेच ‘चांगलं’ वाटतं. ५०० हर्ट्झचा टोन दोन्ही वेळा सारखाच मोठा ऐकू येईल इतका व्हॉल्यूम जुळवा, मग मत बनवा.

बेस गेला

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि तिचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण बसवण्यातलं आहे.

ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स किंवा सोनीच्या एमडीआर-७५०६ सारख्या हेडफोनला क्लिप नसते. कुशनच्या मागे रेक्झिनची मोकळी झालर असते आणि ती बॅफलच्या, म्हणजे ड्रायव्हर ज्या प्लास्टिकच्या तबकडीवर बसवलेला असतो तिच्या, काठामागच्या खाचेत जाते. ही झालर एका जागी जरी दुमडली, पिळली गेली किंवा काठाच्या वरच राहिली, तरी तिथून हवा जाते. वरून बघताना कुशन अगदी नीट बसलेलं दिसतं.

बसवायची रीत अशी. कप उलटा, ड्रायव्हर जमिनीकडे करून धरा, म्हणजे सुटलेले पापुद्रे आत पडणार नाहीत. जुन्या कुशनची झालर अंगठ्याने एका जागी बाहेर ओढा आणि मग गोल फिरत सोडवा. खाचेत रेक्झिनचा चुरा चिकटलेला असतो, तो मऊ कोरड्या ब्रशने काढा. फुंकर, व्हॅक्यूम क्लीनर, हवेचा कॅन यांपैकी काहीही ड्रायव्हरच्या पडद्याजवळ नेऊ नका. पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो, आत गेला तर सहसा परत सरळ होत नाही. नवं कुशन तिरकं असेल, म्हणजे एका बाजूला जाड, तर जाड बाजू कानाच्या मागे येते.

आता झालरीचा तीन-चार सेंटिमीटर भाग खाचेत अडकवून अंगठ्याने धरून ठेवा. दुसऱ्या हाताने प्लास्टिकचं पातळ बोथट कार्ड किंवा गिटारचं पिक झालरीखाली घाला आणि काठावरून सरकवत गोल फिरा. झालर मागोमाग खाचेत पडत जाते. स्क्रूड्रायव्हर नको, तो झालर फाडतो आणि घसरला तर ड्रायव्हरमध्ये घुसतो. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर घट्ट येतात. तिथे नखाने झालर ओढली की शिवण उसवते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी कार्ड थोडं थोडं आत आणा. झालर फारच ताठ असेल तर सुटं कुशन हेअर ड्रायरने लांबून काही सेकंद कोमट करा, पण ते हेडफोनवर असताना नाही.

बसल्यावर संपल्यासारखं वाटतं, तरी एक काम राहतं. कुशन दोन्ही तळव्यांत धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सेंटिमीटरभर फिरवा. आत पिळलेली झालर यात सरळ होते. मग कप काचेवर किंवा टेबलावर कुशन खाली करून ठेवा आणि हलका दाब देऊन डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघा. कुशन सगळीकडे सारखं टेकायला हवं. शिवणीची रेषा कपच्या काठापासून सगळीकडे सारख्याच अंतरावर असली की झालर सरळ बसली आहे. एका जागी फुगवटा असेल तर दोष तिथेच आहे.

क्लिपवाल्या कुशनमध्ये तपास सोपा असतो. प्रत्येक खटका वाजला पाहिजे. सेनहायझरच्या एचडी ६०० आणि ६५० ची कुशनं प्लास्टिकच्या चौकटीवर असतात आणि दाबून बसतात. एक खटका राहिला तरी कुशन किंचित उचललेलं राहतं. ऑडेझच्या एलसीडी मालिकेत कुशन डिंकाने चिकटवलेलं असतं. तिथे जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन काढा, पण थेंब ड्रायव्हरकडे किंवा कापडी जाळीवर ओघळू देऊ नका. डिंकाचा गोळा राहिला तर नवी पट्टी त्याच्यावर उचलली जाऊन फट राहते. एलसीडीसारखे प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचे, हेडफोन उघड्या पाठीचे (ओपन बॅक, कपच्या मागे जाळी असलेले) असले तरी त्यांचा खोल बेस पुढच्या बाजूच्या हवाबंदपणावरच टिकतो. ‘ओपन बॅक आहे, गळती चालेल’ ही समजूत तिथे महाग पडते.

बसवणं बिनचूक असूनही बेस नसेल तर कापडाकडे वळा. वेलोरमधून, म्हणजे मखमली कापडातून, हवा जाते. एम५०एक्ससारख्या बंद पाठीच्या आणि रेक्झिनच्या कुशनवर जुळवलेल्या हेडफोनला पूर्ण वेलोरचं कुशन लावलं की १०० हर्ट्झच्या खालचा भाग कित्येक डेसिबेल खचतो. ही काही खराब कुशनची खूण नाही, ते कापडच तसं आहे. छिद्रांचं रेक्झिन, ज्याला विक्रेते परफोरेटेड म्हणतात, तेही भोकं बाहेरच्या भिंतीवर असतील तर असंच वागतं. भोकं फक्त आतल्या भिंतीवर असतील तर गळती होत नाही. हा फरक खरेदीच्या फोटोत दिसतो, तो बघूनच घ्या. कान टेकतो तिथे कापड आणि बाजूच्या भिंती चामड्याच्या असा संकरित प्रकार मधला मार्ग आहे: बेस थोडा कमी, गरमी बरीच कमी.

इथे बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोचं उदाहरण पुढे केलं जातं. बंद पाठीचा आहे, वेलोरची कुशनं आहेत, तरी बेस दणदणीत. बरोबर, कारण कारखान्यात तो वेलोरवरच जुळवला आहे. त्याला रेक्झिनचं कुशन लावलं की उलटीच तक्रार येते, बेस फार झाला. डीटी ७७० आणि डीटी ९९० ची कुशनं बाहेरून सारखी दिसतात, तरी निर्माता ती वेगवेगळ्या क्रमांकाने विकतो. ‘दोन्हींना चालते’ असं लिहिलेली स्वस्त जोडी बसते दोन्हींना. आवाज दोन्हींचा राखेलच असं नाही.

आणखी एक ठिकाण सहसा कुणी बघत नाही. बऱ्याच हेडफोनच्या बॅफलवर ड्रायव्हरभोवती छोटी छिद्रं असतात, त्यांवर कागद किंवा फेल्ट चिकटवलेलं असतं. बेस किती यावा ते या छिद्रांवर ठरतं. नव्या कुशनची मागची बाजू रुंद असेल, किंवा दुसऱ्या मॉडेलचं कुशन ॲडॉप्टरची चकती लावून बसवलं असेल, तर ही छिद्रं झाकली जातात. जुन्या आणि नव्या कुशनच्या पाठी शेजारी ठेवून मधलं भोक मोजा.

चष्मा घालत असाल तर तो काढून तीच ४० हर्ट्झची चाचणी करा. दांडीमागे राहणारी फट बारीक असली तरी बेससाठी पुरेशी असते. मेमरी फोम दांडीभोवती साध्या फोमपेक्षा चांगला बसतो, पातळ तारेची दांडी जाड प्लास्टिकपेक्षा कमी त्रास देते. मोठं कानातलं, केसांचा जाड थर, टोपीची कड यांनीही हेच होतं.

राहता राहिला ‘रेक्झिन सोलून टाकलं की झालं’ हा घरगुती उपाय. रेक्झिन म्हणजे विणलेल्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवा अडवतो तो थर. कापड अडवत नाही. थर सोलला की कुशन स्वच्छ आणि मऊ दिसतं, आणि बेस त्या कापडातून निघून जातो.

बेस जास्त, आवाज घुमतो

हे कमी वेळा होतं. जाड मेंढीच्या चामड्याचं, आतून गुळगुळीत कुशन लावलं की गळती पहिल्यापेक्षा कमी होते, खालचे स्वर वाढतात, आणि कोठडी मोठी झाल्याने मधले स्वर मागे सरकतात. बातम्या देणारा माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर हेच झालंय. आतून छिद्रांचं कुशन घ्या, किंवा ईक्वलायझरमध्ये १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास २ ते ३ डेसिबेल कमी करा. कमी करणं हे ईक्वलायझर नीट करतो.

कप दाबताना ‘टक’ किंवा चुरचुर आवाज येत असेल तर कोठडी इतकी हवाबंद झाली आहे की दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकतोय. हेडफोन घालताना खालची कड आधी टेकवून, मग हळूच वरची टेकवा. तरीही आवाज राहिला तर ते कुशन त्या हेडफोनसाठी नाही.

आवाज चिरका, ‘स’ टोचतो

इथे आधी जुन्या कुशनच्या भोकाकडे बघा. त्यावर पातळ कापडाची जाळी ताणलेली होती का? अनेक कुशनांत ती कुशनलाच शिवलेली असते, आणि जुन्या कुशनबरोबर तीही कचऱ्यात जाते. ही जाळी धूळ अडवते, शिवाय वरचे स्वर थोडे मवाळ करते. काही मॉडेलांत जाळीऐवजी फोमची पातळ चकती ड्रायव्हरसमोर सुटी ठेवलेली असते, जशी एचडी ६०० आणि ६५० मध्ये. ती वयानुसार चुरा होते आणि साफसफाईत ‘कचरा’ समजून काढली जाते. ती परत ठेवली की तक्रारी पुष्कळदा संपतात.

जाळी जागेवर असेल तर अंतर मोजा. सुट्या कुशनची उंची मोजून भागत नाही, कारण डोक्यावर फोम दबतो. २५ मिमीचं मऊ कुशन दाबाखाली बरंच पातळ होतं, २० मिमीचं घट्ट कुशन तेवढंच राहतं. हेडफोन घालून बसा आणि दुसऱ्या कुणाला बाहेरून पट्टीने कपच्या काठापासून कानशिलापर्यंतचं अंतर मोजायला सांगा, जुन्या आणि नव्या दोन्ही कुशनांवर. ३–४ मिमीच्या फरकानेही ट्रेबलची शिखरं जागा बदलतात. ती कुठल्या दिशेने सरकतील हे मॉडेलवर अवलंबून असतं, म्हणून ‘जाड कुशन म्हणजे मऊ आवाज’ असा सरसकट नियम कुणी सांगितला तर कानाडोळा करा. एवढं मात्र खरं, की जाड कुशनवर आवाज थोडा पसरट, लांबून आल्यासारखा वाटतो आणि गायक मागे सरकतो.

उलटं प्रकरणही असतं. चार-पाच वर्षं वापरलेलं मूळ कुशन चेपून पातळ झालेलं असतं आणि कानाला त्या आवाजाची सवय झालेली असते. नवं मूळ कुशन लावलं की आवाज ‘बिघडला’ असं वाटतं. खरं तर तो कारखान्यातून आला तसा परत झालेला असतो. मेमरी फोम सुरुवातीला ताठ असतो आणि थंडीत जास्तच. एसीच्या खोलीत पहिली पाच-दहा मिनिटं तो पुरता बसत नाही, अंगाच्या उबेने मऊ झाल्यावर बसतो. म्हणून नव्या मेमरी फोमवर मत आठवडाभर राखून ठेवा आणि ऐकताना आधी थोडा वेळ घालून बसा.

अंतर सारखं आहे आणि तरी टोचतंय, तर आतली भिंत. गुळगुळीत रेक्झिन वरच्या लाटा परत फेकतं. भिंत छिद्रांची किंवा कापडाची असेल तर लाटा फोममध्ये शिरून विरतात. हातातलं कुशन परत करायचं नसेल तर आतल्या भिंतीवर १ मिमी जाड फेल्टची पट्टी दुहेरी टेपने लावून बघा. ड्रायव्हरसमोर टिश्यू पेपरचा एकच पदर ठेवणं हाही प्रयोग चालतो. यामाहाच्या एनएस-१० स्पीकरच्या ट्विटरवर स्टुडिओवाले टिश्यू चिकटवत, त्याच घराण्यातला हा उपाय. पदर दोन केले की जवारी मरते, तेव्हा एकावर थांबा.

नॉइज कॅन्सलिंग बिघडलं

या हेडफोनमध्ये बाहेरच्या मायक्रोफोनशिवाय कपच्या आत, ड्रायव्हरजवळही मायक्रोफोन असतो. तो कोठडीतला आवाज ऐकून उलटा आवाज तयार करतो. सगळं गणित मूळ कुशनची जाडी, गळती आणि जाळी धरून केलेलं असतं. कुशन पातळ, ढिलं किंवा वेगळ्या कापडाचं आलं की विमानाचा किंवा पंख्याचा घुमारा कमी दबतो. चालताना पावलांचे धक्के कानात घुमतात, आणि वाईटात वाईट म्हणजे कप हलला की शिट्टी किंवा गडगड ऐकू येते. आतला मायक्रोफोन आणि ड्रायव्हर यांचं चक्र अस्थिर झाल्याची ती खूण. अशा वेळी कॅन्सलिंग बंद करून ४० हर्ट्झची चाचणी घ्या. गळती सापडली तर तीच आधी बुजवा.

सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये डाव्या कपच्या आत हेडफोन घातला आहे की नाही ते ओळखणारा सेन्सर असतो. नव्या कुशनचं आतलं कापड त्यासमोर जाड आलं किंवा सरकलं, तर हेडफोन काढला तरी गाणं चालू राहतं, किंवा घातलेला असतानाच थांबतं. कापड नीट ताणून बसवा. त्याने सुटलं नाही तर ॲपमधून ती सोय बंद करा, किंवा सेन्सरची जागा सोडलेलं कुशन घ्या. एक्सएम३ आणि एक्सएम४ वर कुशन बदलल्यावर ॲपमधला नॉइज कॅन्सलिंग ऑप्टिमायझर पुन्हा चालवा. केस, चष्मा आणि घालण्याची ढब यांचा हिशेब तो नव्याने करतो. बोसच्या क्यूसी३५ मध्ये ड्रायव्हरवरची डावी-उजवी लिहिलेली जाळी कुशनपासून वेगळी असते. जुनी फाटली नसेल तर तीच ठेवा. स्वस्त जोडीबरोबर येणारी जाळी पुष्कळदा जाड असते.

खरं सांगायचं तर नॉइज कॅन्सलिंगच्या हेडफोनला मूळ कुशन मिळत असेल तर दोन-तीनपट पैसे देऊनही तेच घ्यावं. बाकी हेडफोनमध्ये प्रयोगाला जागा आहे, इथे फारशी नाही.

कान दुखतो, तापतो, डोकं आवळतं

दुखणं कुठे आहे ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. कानाच्या वरच्या कडेला दुखत असेल तर कुशनचं भोक लहान आहे. प्रौढ माणसाचा कान साधारण ६० ते ६५ मिमी उंच असतो, त्याहून आखूड भोकात तो दुमडूनच बसणार. कानाचा मधला उंचवटा दुखत असेल तर खोली कमी आहे, कान ड्रायव्हरच्या जाळीला टेकतो. एमडीआर-७५०६ च्या पातळ कुशनवर हे नेहमीचंच. नवं कुशन न घेता खोली वाढवायची असेल तर कुशनच्या मागे, झालरीच्या आत, ५ मिमी जाड फोमची पट्टी मागच्या अर्ध्या भागात ठेवा. झालर बाहेरून बंदच राहत असल्याने गळती होत नाही आणि कपला थोडा तिरका कोन येतो. अंतर बदलल्यामुळे ट्रेबलही बदलेल, हे धरून चाला.

जबड्याच्या वर किंवा कानशिलावर आवळत असेल तर गुन्हेगार जाडी. दोन्ही कुशनं ५ मिमीने जाड झाली की हेडबँड १० मिमी जास्त फाकतो आणि तेवढा जास्त दाबतो. स्टीलची पट्टी असलेला हेडबँड डोक्याच्या रुंदीपेक्षा थोड्या रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवला तर सैल होतो. निव्वळ प्लास्टिकच्या हेडबँडला हे करू नका, तडा जातो. आणि फार सैल केलात तर पुन्हा गळती, म्हणजे पुन्हा बेसपाशी.

गरमीला आवाज न बदलणारा इलाज नाही. वेलोर आणि संकरित कुशन थंड राहतात, पण बेसची किंमत घेतात. रेक्झिनवर घालायची ताणकी कापडी कव्हरं घाम शोषतात आणि कुशनचं आयुष्य वाढवतात, त्यांच्यानेही थोडी गळती येते. दिवसभर कॉलवर असणाऱ्याला ती चालते, मिक्सिंग करणाऱ्याला नाही.

पुन्हा सहा महिन्यांत रेक्झिन सुटू नये म्हणून

पॉलियुरेथेन ओलाव्याने तुटतं, उष्णता आणि घाम त्याला मदत करतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेत न वापरलेलं कुशनही पिशवीत पडल्या पडल्या चिकट होतं. दुकानात चार वर्षं पडून राहिलेली ‘नवी’ जोडी महिन्याभरात सोलायला लागते ती यामुळेच. घेताना बनावटीची तारीख विचारा, आणि हातात आल्यावर आतल्या शिवणीजवळ रेक्झिन नखाने हलकंच दाबून बघा: चिकटलं, किंवा दाबाची सुरकुती तशीच राहिली, तर लगेच परत करा. ‘प्रोटीन लेदर’ हेही पॉलियुरेथेनच असतं, स्पर्श मऊ असतो इतकंच. मेंढीचं खरं चामडं असं सुटत नाही, पण घामाने कडक होतं आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

वापर झाल्यावर कुशन किंचित ओलसर कापडाने पुसा, लगेच कोरड्याने. स्पिरिट, सॅनिटायझर, ओले वाइप्स रेक्झिनला लावू नका. डोक्याला तेल लावून हेडफोन घालू नका. तेल शिवणीतून फोममध्ये जातं आणि मग निघत नाही. वेलोरचं कुशन काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुता येतं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत पूर्ण वाळवायचं. आत मेमरी फोम असेल तर भिजवू नका, वरूनच पुसा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेडफोन बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला.

ईक्वलायझर कधी

गळती शून्य झाल्यावर. गळका बेस ईक्वलायझरने भरला तर ड्रायव्हरला जास्त हलावं लागतं, आवाज फाटतो. शिवाय मान वळवली की फट बदलते, म्हणजे कालची दुरुस्ती आज लागू पडत नाही. ट्रेबलचं शिखर मात्र स्थिर असतं. ४,००० ते १०,००० हर्ट्झपर्यंत टोन हळूहळू सरकवा, जिथे कानाला एकदम टोचतं तो आकडा लिहून घ्या, आणि तिथे क्यू (पट्टा किती अरुंद ते ठरवणारा आकडा) ३ च्या आसपास ठेवून ३ डेसिबेल कमी करा. हेडफोन काढून पुन्हा घाला आणि तोच आकडा येतो का बघा. येत नसेल तर कुशन कानावर दर वेळी वेगळं बसतंय. मग झालर आणि खटके पुन्हा तपासा.